ऑफिसच्या फॅक्स मशीनवर प्रत्येकाला स्वतःचा युजर कोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मशीनचं तेवढं तुम्हीच बघा" असं सांगून ज्यांच्याकडे हे काम सोपवलेलं असतं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. ती व्यक्ती कधी अकाउंट्समधली असते, कधी रिसेप्शनवरची, कधी आस्थापना शाखेतला लिपिक. फक्त फॅक्स करणारं मशीन आता क्वचितच दिसतं. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन आणि फॅक्स एकाच यंत्रात असतं, त्यामुळे कोडचा विषय फॅक्सपासून सुरू होऊन सगळ्या मशीनवर जातो. मेनूची नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात. खाली दिलेला शब्द तुमच्या पडद्यावर जसाच्या तसा नसेल, तर त्याच्या आसपासचा शोधा.

युजर कोड म्हणजे नेमकं काय?

मशीनला तुमची ओळख पटवणारा आकडा. तो दाबल्याशिवाय फॅक्स जात नाही, आणि दाबल्यावर जे काही जातं ते तुमच्या नावावर मोजलं जातं. म्हणजे दोन कामं होतात: बाहेरच्या माणसाला मशीन वापरता येत नाही, आणि कोणी किती पानं पाठवली याचा हिशेब राहतो. पहिल्या कामासाठी कोड लावणारे खूप असतात. मला दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. ज्या ऑफिसात नोंद नसते तिथे बिल वाढलं की संशय मशीनजवळ बसणाऱ्या माणसावर जातो, आणि तो माणूस बहुतेक वेळा शिपाई असतो. त्याच्याकडे स्वतःची बाजू मांडायला काहीच नसतं. प्रत्येकाचा कोड वेगळा असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

आमच्या मशीनच्या मेनूत "युजर कोड" हा शब्द दिसत नाही. मग सोय नाही का?

बहुधा आहे, फक्त नाव वेगळं आहे. रिको त्याला "युजर कोड" म्हणते. कॅननमध्ये "डिपार्टमेंट आयडी" आणि त्याच्या जोडीला पिन असतो. क्योसेरात "जॉब अकाउंटिंग" आणि "अकाउंट कोड", शार्पमध्ये "युजर नंबर", कोनिका मिनोल्टात "अकाउंट ट्रॅक", तर ब्रदरच्या मशीनवर "सिक्युअर फंक्शन लॉक". कॅननच्या "डिपार्टमेंट" या शब्दाने फसू नका. एकेका माणसाला एकेक आयडी द्यायला काहीच आड येत नाही.

रोलचा कागद लागणारं साधं फॅक्स मशीन आहे. त्यावर होईल का?

थर्मल रोलच्या छोट्या मशीनमध्ये सहसा माणसागणिक कोडची सोय नसते. तिथे दोन मार्ग आहेत. फॅक्सची लाइन ईपीएबीएक्समधून, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमधून, गेली असेल तर ते काम ईपीएबीएक्सकडून करून घ्या. बऱ्याच एक्स्चेंजमध्ये अकाउंट कोड असतो, आणि कोणत्या एक्स्टेन्शनवरून कुठे किती वेळ कॉल झाला याची यादीही निघते. लाइन थेट असेल तर जावक नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, नंबर, पानं, सही. ती मशीनशेजारी दोऱ्याने बांधलेल्या पेनासकट असावी. पेन जागेवर नसेल तर दोन दिवसांत नोंदी थांबतात.

कोड किती आकडी ठेवावा?

आधी मशीनची मर्यादा बघा. रिको आणि क्योसेरावर जास्तीत जास्त ८ आकडे चालतात, कॅननवर आयडी आणि पिन दोन्ही ७ आकड्यांपर्यंत, शार्पवर ५ ते ८, आणि ब्रदरवर ४ आकडी पिन असतो.

जिथे निवड तुमच्या हातात आहे तिथे ६ आकडी कोड घ्या. कारण सांगतो. रिकोसारख्या मशीनवर नाव विचारलं जात नाही. कोड हीच ओळख आणि तोच पासवर्ड. ४ आकडी कोडच्या एकूण १०,००० शक्यता. ऑफिसात ४० जणांना कोड दिलेले असतील तर कोणीही आंधळेपणाने ४ आकडे दाबले, तरी सरासरी २५० प्रयत्नांत एकदा ते कोणाच्या तरी नावाला लागतात. ६ आकडी केल्यावर हेच प्रमाण २५,००० ला एक होतं. ब्रदरवर आधी यादीतून नाव निवडावं लागतं, मग पिन. त्यामुळे तिथे ४ आकडे चालून जातात.

८ आकडे घेऊ नका असं मी म्हणेन. एवढा लांब आकडा लोक चिठ्ठीवर लिहितात आणि ती चिठ्ठी मशीनच्या झाकणाला चिकटवतात.

कोड कर्मचारी क्रमांकावरूनच दिले तर लक्षात राहायला सोपं जाईल ना?

लक्षात राहील, पण सगळ्यांच्याच. कर्मचारी क्रमांक हजेरीपटावर असतो, पगाराच्या पावतीवर असतो, गळ्यातल्या ओळखपत्रावर असतो. एक्स्टेन्शन नंबर, जन्मतारीख, गाडीचा नंबर, मोबाइलचे शेवटचे आकडे यांचंही तेच. कम्प्युटरवर एक्सेल उघडून यादृच्छिक आकडे काढा. १११११ आणि १२३४५६ असले आकडे हाताने गाळा. दोन कोड एकाच आकड्याने वेगळे होत असतील तर त्यातला एक बदला, नाहीतर बोट घसरलं की हिशेब दुसऱ्याच्या नावावर जातो.

कॅननवाल्यांसाठी एक सूचना: तिथे कमी आकडे टाकले तर पुढे शून्यं लावून ७ आकडे पूर्ण केले जातात. म्हणजे २, ०२ आणि ००२ हे मशीनच्या लेखी एकच. नुसत्या शून्यांचा आयडी ते घेत नाही.

एका विभागाला मिळून एकच कोड दिला तर काम सोपं होईल. चालेल का?

मशीनच्या बाजूने चालेल. पण ज्यासाठी हे सगळं करायचं तेच राहून जाईल. अकाउंट्सच्या सहा जणांचा एकच कोड असेल तर महिनाअखेरीस "अकाउंट्सने ४०० पानं पाठवली" एवढंच कळतं. मग विभागप्रमुख सहा जणांना विचारतात, सहाही जण नाही म्हणतात, आणि गोष्ट पुन्हा तर्कावर जाते. शिवाय सामाईक कोड गुप्त राहत नाही. आठवड्याभरात तो शेजारच्या विभागाला कळतो, कारण त्यांचा माणूस घाईत असतो आणि नाही म्हणणं जिवावर येतं.

विभागवार आकडा हवा असेल तर तो माणसांच्या कोडवरून बेरीज करून काढता येतो. कोड ठरवताना पहिला आकडा विभागाचा ठेवा, म्हणजे यादी आपोआप विभागवार लागते. मग बाकीचे आकडे तेवढे यादृच्छिक घ्या आणि एकूण ७ केले तर उत्तम.

साहेबांचा फॅक्स मामा (शिपाई) पाठवतात. कोड कोणाचा दाबायचा?

हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात येतो आणि त्याचं उत्तर आधी ठरलं नाही तर पूर्ण योजना कोलमडते.

दोन टोकं दिसतात. काही ठिकाणी साहेब आपला कोड मामांना सांगून मोकळे होतात. मग साहेबांच्या नावावर जे जाईल त्याची जबाबदारी मामांवर, आणि कोड दोघांना माहीत. दुसरीकडे मामांना एक कोड देतात आणि मजल्यावरचे सगळे कागद त्यांच्याकडे देतात. महिन्याच्या यादीत सगळ्यात वर मामांचं नाव, आणि वरून कोणीतरी विचारतं, "यांना एवढे फॅक्स कसले पाठवायचे असतात?" हे मला अजिबात पटत नाही. ज्याने कधी स्वतःचं एक पान पाठवलं नाही त्याच्या नावावर सगळ्या ऑफिसचं काम चढतं.

यातून निघणारी वाट अशी. मामांना स्वतःचा कोड द्या, आणि यादीत त्या कोडचं नाव "जावक" असं ठेवा. त्या कोडवर जाणाऱ्या प्रत्येक कागदासोबत पाठवणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी हवी: नंबर, पानं, सही. फॅक्स गेल्यावर मशीनमधून निघालेला ट्रान्समिशन रिपोर्ट त्या चिठ्ठीला टाचून फाइलला लावायचा. महिन्याच्या शेवटी "जावक" कोडची पानं चिठ्ठ्यांवरून ज्याच्या त्याच्या नावावर टाकता येतात. सही नसेल तर कागद परत करायचा, आणि मामांना तसं करण्याचा अधिकार लेखी द्यायचा. तोंडी अधिकार साहेबांच्या केबिनच्या दारात टिकत नाही.

गोपनीय कागद मात्र ज्याचे त्यानेच पाठवावेत.

मशीनला हात लावण्याआधी काय तयार ठेवायचं?

सध्या मशीनवर असलेली नावं आणि नंबर, म्हणजे ॲड्रेस बुक, याची प्रिंट किंवा बॅकअप. कोड देण्याच्या लोकांची यादी. मशीनचा ॲडमिन पासवर्ड. मशीनची छापलेली पानं मोजणाऱ्या मीटरचं आजचं रीडिंग. आणि फॅक्सची वर्दळ नसलेली वेळ, संध्याकाळी सहानंतर किंवा शनिवारी दुपारी.

ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तसाच असेल तर तो आजच बदला. मूळ पासवर्ड बऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका इंटरनेटवर कोणालाही मिळते. तो तसाच ठेवून बाकी कितीही कोड लावले तरी कोणीही आत शिरून सगळे कोड वाचू शकतो.

रिकोच्या मशीनवर प्रत्यक्ष कसं करायचं?

क्रम महत्त्वाचा: आधी सगळे कोड नोंदवा, मग कोडची सक्ती चालू करा. उलट केलं तर मधल्या वेळात कोणालाच मशीन वापरता येत नाही.

बटणांच्या पॅनेलवर "युजर टूल्स / काउंटर" अशी कळ असते. ती दाबा, "सिस्टिम सेटिंग्ज" निवडा, मग "ॲडमिनिस्ट्रेटर टूल्स". आत "ॲड्रेस बुक मॅनेजमेंट" सापडेल. तिथे "न्यू प्रोग्रॅम" दाबून माणसाचं नाव टाका. नावाच्या शेजारी "ऑथ. इन्फो" असा टॅब आहे, त्यात "युजर कोड"च्या रकान्यात आकडे टाकून हॅशची कळ दाबा. त्याच टॅबवर खाली कोणकोणती कामं या माणसाला करता यावीत ते ठरवता येतं: कॉपी, फॅक्स, प्रिंट, स्कॅन. ओके करा आणि पुढच्या नावाकडे वळा. ज्यांचं नाव ईमेल किंवा फॅक्स नंबरासह आधीच ॲड्रेस बुकात आहे, त्यांची नवी नोंद करू नका. जुनीच उघडून तिच्यात कोड टाका.

सगळी नावं झाली की परत "ॲडमिनिस्ट्रेटर टूल्स"मध्ये या, "युजर ऑथेंटिकेशन मॅनेजमेंट" उघडा आणि "युजर कोड ऑथ." निवडा. तिथे कामांची यादी येते. पहिल्या दिवशी फक्त फॅक्स आणि कॉपीवर खूण करा. प्रिंटला हात लावू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

बाहेर पडून फॅक्सची कळ दाबा. पडदा कोड मागेल. आकडे दाबताना पडद्यावर फक्त फुल्या दिसतात. शेवटी हॅश दाबलं की नेहमीचा फॅक्सचा पडदा उघडतो. हॅश विसरलं की मशीन नुसतं थांबून राहतं आणि लोकांना वाटतं कोड चुकला. हे प्रत्येकाला एकदा मशीनपुढे उभं करून दाखवा, पत्रक वाचून ते लक्षात येत नाही.

हेच काम जाग्यावर बसून ब्राउझरमधूनही होतं. मशीनचा आयपी पत्ता टाकला की रिकोचं "वेब इमेज मॉनिटर" उघडतं. चाळीस नावं पॅनेलवर टाइप करण्यापेक्षा ते बरं.

कॅनन, क्योसेरा आणि ब्रदरवर?

कॅननवर "सेटिंग्ज / रजिस्ट्रेशन", त्यात "मॅनेजमेंट सेटिंग्ज", "युजर मॅनेजमेंट", "डिपार्टमेंट आयडी मॅनेजमेंट". आयडी आणि पिन नोंदवा, मग सोय चालू करा. सिस्टिम मॅनेजरचा आयडी आणि पिन आधी बदला.

क्योसेरावर "सिस्टिम मेनू"मधून "युजर लॉगिन / जॉब अकाउंटिंग". इथली मर्यादेची सोय चांगली आहे. प्रत्येक कोडला, प्रत्येक कामासाठी, पानांची कमाल संख्या ठरवता येते, किंवा ते काम पूर्ण बंद करता येतं. मर्यादा संपल्यावर काम तिथेच थांबवायचं, चालू काम पूर्ण होऊ द्यायचं की नुसती सूचना द्यायची, तेही निवडता येतं. फॅक्ससाठी नुसती सूचना ठेवा. निविदेच्या शेवटच्या दिवशी बाराव्या पानावर मशीन थांबलं तर वाचलेल्या कागदाचा काही उपयोग नाही.

ब्रदरवर ब्राउझरमधून "सिक्युअर फंक्शन लॉक" उघडायचं. तिथे माणसांच्या यादीआधी "पब्लिक" नावाची एक ओळ असते. ज्याने पिन टाकला नाही अशा कोणालाही काय करता यावं ते त्या ओळीवर ठरतं. बाकी सगळं नीट भरलं आणि "पब्लिक"समोर फॅक्स पाठवण्याची खूण तशीच राहिली, तर लॉक लावून दार उघडं ठेवल्यासारखं होतं.

कोड लावल्यापासून कम्प्युटरवरून प्रिंट येत नाही. मशीन बिघडलं का?

नाही. प्रिंटवरही कोडची सक्ती झाली आहे आणि कम्प्युटर कोड पाठवत नाही. मशीन असं काम गुपचूप रद्द करतं, कागदही येत नाही आणि पडद्यावर फारसं काही दिसतही नाही. म्हणूनच प्रिंट पहिल्या दिवशी वगळायला सांगितलं.

प्रत्येक कम्प्युटरवर प्रिंटर ड्रायव्हरच्या "प्रिंटिंग प्रेफरन्सेस"मध्ये त्या त्या माणसाचा कोड टाकावा लागतो. एकदा तिथे बसला की टॅलीतून काढलेलं बिल असो वा वर्डमधलं पत्र, कोड आपोआप जातो. "प्रिंटर प्रॉपर्टीज"च्या "ॲडव्हान्स्ड" टॅबमधले "प्रिंटिंग डिफॉल्ट्स" मात्र वेगळे. एकाच कम्प्युटरवर दोघे-तिघे आपापल्या लॉगिनने बसत असतील आणि तुम्ही कोड तिथे टाकला, तर सगळ्यांची पानं एकाच्याच नावावर जातील.

रिकोवर प्रिंटसाठी "पीसी कंट्रोल" असा पर्याय आहे. तो निवडला तर ड्रायव्हरमधून येईल तो कोड मशीन मान्य करतं आणि त्यावर मोजतं, खरा-खोटा तपासत नाही. सुरुवातीच्या काळात प्रिंट अडू नये म्हणून तो ठीक आहे, पण कायमचा ठेवू नका. कॅनन आणि क्योसेरावर अनोळखी आयडीची कामं स्वीकारायची की नाही, असा पर्याय मिळतो.

आलेला फॅक्स घ्यायलाही कोड लागतो का?

नाही. येणारा फॅक्स नेहमीप्रमाणे छापला जातो आणि ट्रेमध्ये पडतो. त्याची पानं कोणाच्याही कोडवर मोजली जात नाहीत.

रुग्णालयातल्या विमा टेबलावर किंवा वकिलांच्या ऑफिसात ट्रेमध्ये उघडा पडलेला कागद हीच खरी काळजी असते. त्यासाठी वेगळी सोय आहे. रिकोवर तिला "मेमरी लॉक" म्हणतात: आलेला फॅक्स मेमरीत थांबतो, दिवा लागतो, आणि ४ आकडी आयडी टाकल्यावरच छापला जातो. हा आयडी युजर कोडहून वेगळा, आणि तो ठरावीक दोघा-तिघांनाच माहीत असावा. मशीनमध्ये कागद असतानाही फॅक्स छापला जात नाही म्हणून सर्व्हिस इंजिनिअरला बोलावण्याआधी हा लॉक चालू आहे का ते बघा.

"एफ-कोड" किंवा "सब-ॲड्रेस" हे आणखी एक प्रकरण. तो पाठवणाऱ्याने नंबरासोबत द्यायचा पत्ता, ज्यावरून फॅक्स समोरच्या मशीनमधल्या ठरावीक पेटीत जातो. त्याचा तुमच्या युजर कोडशी संबंध नाही.

माझा कोड समोरच्याच्या कागदावर छापला जातो का?

नाही. पानाच्या वर छापली जाणारी ओळ मशीनच्या फॅक्स सेटिंगमधून येते: संस्थेचं नाव, नंबर, तारीख, वेळ, पान क्रमांक. ती सगळ्यांसाठी एकच. कोड बसवताना मशीन उघडलंच आहे तर ही ओळ आणि घड्याळही तपासून घ्या. घड्याळ चुकलेलं असेल तर कोडच्या नोंदींतली वेळही चुकीची, आणि अशा नोंदी वादाच्या वेळी कामाच्या नाहीत.

एकाने कोड टाकून काम केलं, तो गेला, आणि दुसऱ्याने त्याच कोडवर फॅक्स पाठवला. हे कसं थांबवायचं?

काम झालं की लॉगआउट करायची सवय लावून, आणि सवय लागेपर्यंत टायमर कमी करून. रिकोवर "सिस्टिम ऑटो रिसेट टायमर" मुळात ६० सेकंदांचा असतो, तो ३० करता येतो. त्याहून कमी नको. ज्येष्ठ माणसाला चष्मा काढून नंबर वाचेपर्यंत मशीन पुन्हा कोड मागू लागतं, आणि मग सगळी योजनाच त्याच्या डोक्यात जाते.

मशीनला हँडसेट जोडलेला असेल तर तोही तपासा. त्यावरून थेट लावलेल्या फोनवर कोडचं बंधन बहुतेक वेळा नसतं. हँडसेटची गरज नसेल तर काढून ठेवा.

परदेशी नंबर बंद ठेवता येतील का?

युजर कोड साधारणपणे "फॅक्स पाठवता येतो की नाही" एवढंच ठरवतो, कोणत्या नंबरला ते नाही. आयएसडी बंद करायचं असेल तर ते टेलिफोन कंपनीकडे अर्ज देऊन किंवा ईपीएबीएक्सवर त्या एक्स्टेन्शनला मनाई लावून करा. देशांतर्गत कॉल बऱ्याच लँडलाइन प्लॅनमध्ये आता मोफत असतात, त्यामुळे खरा खर्च आयएसडीचा आणि कागद-टोनरचा.

महिन्याचा हिशेब कसा काढायचा? कोडची बेरीज मीटरशी जुळत नाही.

रिकोवर "ॲडमिनिस्ट्रेटर टूल्स"मध्ये प्रत्येक युजरचा काउंटर दाखवण्याची, छापण्याची आणि शून्य करण्याची सोय आहे. क्योसेरा फॅक्सची पानं आणि लाइन किती वेळ चालली, दोन्ही देतं. आधी छापा, मग शून्य करा.

बेरीज मीटरशी तंतोतंत जुळणार नाही, आणि जुळू नये. समजा एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) बिलावर मीटरप्रमाणे महिन्याची ४,८१२ पानं आहेत आणि सगळ्या कोडची छापलेली पानं मिळून ४,६५५. मधली १५७ पानं कुठे गेली? आलेले फॅक्स, ट्रान्समिशन रिपोर्ट, जर्नल (आलेल्या-गेलेल्या फॅक्सची यादी), वीज गेल्यावर निघणारा पॉवर फेल्युअर रिपोर्ट, आणि इंजिनिअरने सर्व्हिसच्या वेळी काढलेल्या टेस्ट कॉपी. उलट बाजूने, पाठवलेल्या फॅक्सची पानं कोडवर मोजली जातात, पण त्यांनी तुमच्याकडे कागद लागत नाही, म्हणून ती मीटरच्या छापील आकड्यात नसतात. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की हिशेब दर महिन्याला चुकतो. पाठवलेली पानं एका रकान्यात, छापलेली दुसऱ्या, असं सुरुवातीपासूनच ठेवा. फरक दर महिन्याला साधारण सारखा राहत असेल तर काळजी नको. एकदम वाढला तर चौकशी करा.

यादी नोटीस बोर्डावर लावू नका. ज्याचा आकडा त्याला द्या आणि विभागाचा विभागप्रमुखांना.

फॅक्स गेला याचा पुरावा म्हणून कोडची नोंद चालेल का?

कोडवरून कोणी पाठवला ते कळतं. गेला की नाही, ते ट्रान्समिशन रिपोर्ट आणि जर्नल सांगतं. जर्नल म्हणजे आलेल्या-गेलेल्या फॅक्सची यादी. ब्रदरवर शेवटच्या २०० फॅक्सची माहिती राहते, त्यानंतर जुनी पुसली जाते. म्हणून जर्नल ठरावीक संख्येनंतर आपोआप छापलं जाईल असं ठेवा आणि फाइल करा.

रिपोर्टवरचं "ओके" म्हणजे समोरच्या मशीनने पानं घेतली. माणसाने वाचली, असं नाही. आणि समोरचं मशीनच उत्तर देत नसेल तर तेवढंही हातात येत नाही. २१ नोव्हेंबर २०१८ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये मेहबूबा मुफ्ती यांनी सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र राजभवनाला फॅक्स करायचा प्रयत्न केला आणि फॅक्स घेतला जात नाही असं जाहीर सांगितलं. त्याच संध्याकाळी राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी विधानसभा बरखास्त केली. ईदची सुट्टी होती, फॅक्स घ्यायला माणूस नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं. मुदतीचा कागद असेल तर रिपोर्ट टाचल्यावर समोरच्या ऑफिसला फोन करा, किती पानं आली ते विचारा आणि बोललेल्या माणसाचं नाव रिपोर्टवर लिहून ठेवा.

वीज गेली तर कोड पुसले जातात का?

कोड राहतात. धोका असतो तो मेमरीत थांबलेल्या फॅक्सना. काही मॉडेलवर वीज साधारण तासाभराहून जास्त गेली तर न छापलेले आणि न पाठवलेले फॅक्स जातात, आणि वीज आल्यावर काय गेलं याची यादी मशीन छापतं. भारनियमनाच्या गावात मशीनला मेमरी लॉक लावला असेल तर संध्याकाळी घरी जाण्याआधी मेमरी रिकामी करा. "पॉवर फेल्युअर रिपोर्ट" रद्दी समजून फेकू नका. ज्यांचे फॅक्स गेले त्यांना कळवण्याचा तो एकच आधार आहे.

कोणी नोकरी सोडली तर?

शेवटच्या दिवशी आधी त्याच्या कोडचा काउंटर छापा, मग कोड काढा. रिकोवर कोड काढला की त्याचा काउंटरही जातो. पूर्ण नोंद उडवू नका, नुसता कोड रिकामा करा, कारण त्याच नोंदीत ईमेल आणि फॅक्स नंबर असू शकतात. तो कोड पुढच्या माणसाला देऊ नका. बदली होऊन दुसऱ्या शाखेत गेलेल्यांनाही हेच लागू.

ॲडमिन पासवर्ड कोणालाच आठवत नाही.

रिकोवर ॲडमिनच्या वर "सुपरवायझर" असतो, तो ॲडमिनचा पासवर्ड नव्याने बसवू शकतो. तोही हरवला असेल, किंवा दुसरं मशीन असेल, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवावं लागतं. पासवर्ड कागदावर लिहा, पाकीट सीलबंद करा, आणि चेकबुक ठेवता त्या कपाटात ठेवा. पाकिटावर तारीख आणि दोघांच्या सह्या.

"आमच्यावर विश्वास नाही का?" असं लोक विचारतात. काय सांगायचं?

आधी सांगितलं नाही तर हा प्रश्न येणारच, आणि त्यांचं बरोबर असतं. सोमवारी सकाळी मशीनने अचानक कोड मागितला तर कोणालाही अपमान वाटेल. चार दिवस आधी साध्या भाषेत पत्रक काढा. हा नमुना घ्या आणि हवा तसा बदला:

"सर्वांना कळविण्यात येते की सोमवारपासून फॅक्स व झेरॉक्ससाठी प्रत्येकाला स्वतंत्र कोड देण्यात येत आहे. कोड बंद पाकिटात मिळेल. साहेबांपासून शिपायांपर्यंत सर्वांना एकच नियम आहे. कोणत्याही कामासाठी पानांची मर्यादा घातलेली नाही. दुसऱ्याच्या वापराची जबाबदारी कोणावर येऊ नये, हा यामागचा हेतू आहे. कोड कोणालाही सांगू नये. अडचण आल्यास आस्थापना शाखेत भेटावे."

"साहेबांपासून" हा शब्द पाळा. वरिष्ठांना कोडमधून सूट दिली की खालचे सगळे तो नियम आपल्याविरुद्ध आहे असंच समजतात. मोठ्या साहेबांचं पाकीट सगळ्यांसमोर आधी द्या.

मशीन भाड्याचं आहे. परत करताना काय करायचं?

मशीनमध्ये तुमच्या लोकांची नावं, कोड, ॲड्रेस बुक, आणि बऱ्याच मॉडेलवर हार्ड डिस्कवर साठवलेले फॅक्ससुद्धा असतात. सेटिंग शून्यावर आणलं म्हणजे डिस्क पुसली गेली असं नाही. ॲडमिन मेनूमध्ये डिस्क किंवा मेमरी पूर्ण पुसण्याचा वेगळा पर्याय असतो. तो चालवायला बराच वेळ लागतो, म्हणून टेम्पो दारात आल्यावर नको, आदल्या दिवशी करा. पर्याय नसेल तर इंजिनिअरकडून करून घ्या आणि डिलिव्हरी चलनावर तसं लिहून सही-शिक्का घ्या. नव्या मशीनसाठी ॲड्रेस बुकाचा बॅकअप आधीच घेतलेला असला, तरी कोड मात्र सगळ्यांना नवे द्या.